ब्युरोशिवायची मावशी

हॉस्पिटलमधून सुटका व्हायला दुपार होते. बिलाची रांग, विम्याची मंजुरी, उरलेली औषधं परत करणं असं सगळं आटोपून हातात फाइल येते. तिच्यात गोळ्यांची यादी असते, टाके काढायची तारीख असते आणि तळाशी एक ओळ असते : पेशंटला एकटं सोडू नये. सोबत कोणी राहायचं, ते मात्र लिहिलेलं नसतं. व्हीलचेअर लिफ्टपाशी आली की वॉर्डातली मावशी हळूच विचारते, ‘घरी कोण आहे का बघायला? माझी जाऊ करते पेशंटचं. ब्युरोची नाही, स्वतःची कामं घेते. नंबर देऊ?’

मुंबई-पुण्यात, नाशिक-नागपुरात आणि आता तालुक्याच्या गावीही घरी माणूस ठेवण्याची सुरुवात बऱ्याचदा अशा नंबरापासून होते. तो फोन लावण्याआधी काय पाहावं, काय विचारावं आणि आपल्या अंगावर काय येतं, याचा हा आढावा.

प्रश्न केवढा?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले १ कोटी ११ लाखांच्या आसपास लोक होते, म्हणजे दर दहा माणसांत साधारण एक. त्यातल्या किती जणांना रोजच्या हालचालींत मदत लागते, याचा अंदाज ‘लासी’ या देशव्यापी पाहणीतून येतो. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये ती केली. तिच्यानुसार साठीपुढच्या जवळपास एक चतुर्थांश लोकांना अंघोळ, कपडे, चालणं, खाणं, अंथरुणातून उठणं, संडासला जाणं यांपैकी निदान एका गोष्टीत अडचण येते.

ही मदत पूर्वीही लागत होतीच. ती घरातली सून, लेक किंवा बायको करायची. त्याला ‘सेवा’ म्हणायचे आणि सेवेला पगार, सुट्टी किंवा बदली नसायची. आता सून नोकरीला जाते, लेक बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असते आणि बायको स्वतःच पंचाहत्तरीची असते. काम तेवढंच राहिलं आणि ते पैसे देऊन करून घ्यायची वेळ आली. सरकारी योजना इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळू लागले, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर. घरच्या मावशीचा पगार त्यात बसत नाही. खासगी मेडिक्लेमही साधारणपणे तो देत नाही.

तीन वाटा

घरी माणूस आणायच्या सध्या तीन वाटा आहेत. पहिली कंपनीची. तिथे अॅपवर नोंदणी होते, गणवेशातला माणूस येतो, मधूनमधून एक नर्स येऊन तपासून जाते. ही वाट सगळ्यांत महाग. दुसरी ब्युरोची. नोंदणीचे पैसे भरायचे, दिवसाचा किंवा महिन्याचा दर ठरवायचा, ब्युरो बाई पाठवतो. तिसरी वाट थेट नंबराची. बाई स्वतःची मुखत्यार असते, दर तिच्याशी ठरतो आणि पैसे तिच्याच हातात जातात.

या क्षेत्राची स्वतःची बोली आहे. बायका ‘नोकरी लागली’ म्हणत नाहीत, ‘केस लागली’ म्हणतात. ‘बाराची केस’ म्हणजे बारा तासांची, ‘चोवीसची’ म्हणजे राहून. न सांगता न येणं म्हणजे ‘खाडा’, आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे ‘उचल’ आणि एकीच्या जागी दुसरी येते ती ‘बदली’.

ब्युरो विकतो ती खरं म्हणजे बदलीच. समजा, ब्युरो दिवसाला १,००० रुपये घेतो आणि बाईच्या हाती ७५० ठेवतो. महिन्याचे ७,५०० रुपये त्याच्याकडे राहतात. त्या बदल्यात त्याने बाईची ओळख तपासावी, तिला कामाचं शिकवावं आणि ती आली नाही तर दुसरी पाठवावी, अशी आपली अपेक्षा असते. पहिल्या दोन गोष्टी किती होतात ते ब्युरोगणिक बदलतं. तिसरी होते, कधीकधी फारच होते. आमच्या घरी एका ब्युरोने नऊ आठवड्यांत सहा बायका पाठवल्या. दर वेळी आईला कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, कुठला पाय आधी टेकवायचा, हे पहिल्यापासून सांगायचं. सहाव्या बाईला आई म्हणाली, ‘तू राहणार असशील तरच नाव सांग.’

थेट बाई ठेवली की ती ७,५०० रुपयांची फट राहत नाही. निम्मे आपले वाचतात, निम्मे तिला जास्त मिळतात, असा व्यवहार सहज जमतो आणि चेहराही रोज तोच राहतो. पण ब्युरोच्या अंगावर, निदान कागदावर, जे होतं ते सगळं त्याच दिवशी आपल्या अंगावर येतं. ओळख तपासणं, शिकवणं, बदली शोधणं आणि भांडण मिटवणं या चार कामांची तयारी असेल त्याच घराने या वाटेने जावं. ब्युरोची बाई मधल्यामध्ये फोडणं हा वेगळाच मामला. बहुतेक करारांत त्याला मनाई असते आणि पुढे ब्युरोचा जाच तिच्या वाट्याला येतो.

आधी काम, मग माणूस

‘एक चांगली बाई पाहिजे’ एवढ्यावर शोध सुरू झाला की तो भरकटतो. घरात येणाऱ्या प्रत्येकीला आपण ‘सिस्टर’ म्हणतो, पण चार प्रकारची माणसं वेगळी ओळखायला हवीत.

नर्स म्हणजे दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा नर्सिंगची पदवी घेतलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली व्यक्ती. इंजेक्शन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर बदलणं, घशातला कफ सक्शनने काढणं ही तिची कामं. जीडीए किंवा अटेंडंट म्हणजे काही महिन्यांचा कोर्स केलेली व्यक्ती. अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं, नळीवाटे तयार आहार देणं, बीपी आणि साखर मोजून लिहिणं ती करू शकते. मावशी किंवा मामा म्हणजे कोर्स नाही पण हात बसलेला, दहा-पंधरा केसेस केलेला माणूस. चौथी नुसती सोबत : बोलायला, फिरायला न्यायला, वेळेवर गोळी हातात द्यायला.

नर्सचं काम मावशीकडून करून घेणं ही स्वस्तात महागात पडणारी चूक आहे. ‘मागच्या केसला मी इन्सुलिन द्यायचे’ असं ती सांगते तेव्हा ते खरंही असेल. पण ठरलेला डोस टोचणं वेगळं आणि साखर कमी आली म्हणून डोस स्वतःच्या मनाने बदलणं वेगळं. हा दुसरा अधिकार डॉक्टरचा. उलट बाजूने, नुसती सोबत लागते तिथे नर्सचा दर भरण्यातही अर्थ नाही.

म्हणून आधी कागद घ्यावा आणि पेशंटचे चोवीस तास लिहावेत. किती वाजता जाग येते, उठवायला एक माणूस पुरतो की दोन, घास चावता येतो की पातळ लागतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, वजन किती, राग येतो का. ऐंशी किलोच्या आजोबांना पंचेचाळीस किलोची बाई उचलू शकणार नाही, हे त्या कागदावर लगेच दिसतं. कोणाच्या हातून अंग पुसून घ्यायला चालेल, हे पेशंटला विचारून लिहावं. बऱ्याच पुरुषांना बाईच्या हातून अंघोळ नको असते आणि ते संकोचाने बोलत नाहीत.

पारख कशी करायची?

आधीच्या दोन घरांचे नंबर मागावेत आणि फोन खरोखर करावेत. ‘बाई कशी होती?’ असं विचारलं की ‘चांगली होती’ एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारलं तर नेमकं कळतं : किती महिने होती, खाडे किती, उचल किती घेतली, पेशंट पडले होते का, पडले तेव्हा तिने काय केलं, केस का संपली? या कामात केस बहुधा पेशंट गेल्यावरच संपते. त्या घरची लेक सांगते, ‘बाबा गेले त्या रात्री ती आमच्याबरोबर बसून होती.’ कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा हे जास्त सांगून जातं.

मुलाखत दिवाणखान्यात घेऊ नये, पेशंटच्या खोलीत घ्यावी. येणारी बाई बोलते कोणाशी ते पाहावं. आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे एकाच दिवशी दोघी आल्या होत्या. पहिलीने माझ्याकडे बघत ‘आजींचं वजन किती?’ विचारलं, आईच्या काखेत दोन्ही हात घातले आणि ओढून बसवलं. आई कळवळली. दुसरी आधी खाटेशेजारी स्टुलावर बसली. आईला म्हणाली, ‘आजी, ऑपरेशनचा पाय कुठला? आता मी तुम्हाला कुशीवर घेणार, दोन्ही गुडघ्यांत उशी ठेवते.’ कुशीवर घेतल्यावर तिने पाय खाटेखाली सोडले, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेशी ठेवून बसवलं, आणि तशीच थांबली. मी विचारलं, ‘आता उभं करायचं ना?’ तर म्हणाली, ‘थांबा, चक्कर जाऊ द्या. दोन मिनिटं बसून मग वॉकर.’ तिच्याकडे कोर्सचं सर्टिफिकेट नव्हतं. तिला ठेवली.

चारपाच प्रश्न मात्र तोंडी विचारावेतच. जेवण भरवताना पेशंटला कसं बसवाल? आडवं ठेवून भरवणारी बाई नको. ताठ बसवून भरवावं आणि जेवणानंतर अर्धा तास तरी डोकं वर ठेवावं, हे तिला माहीत हवं. लघवीची पिशवी कुठे टांगाल? कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. अंथरुणाला खिळलेल्याची कूस किती वेळाने बदलाल? साधारण दर दोन तासांनी. पेशंट पडला तर? लगेच ओढून उठवू नये, कुठे लागलं ते पाहावं आणि फोन करावा. शेवटी असं एखादं काम विचारावं जे तिला येत नसेल. ‘ते मला येत नाही, नर्सला बोलवा’ असं जी सरळ सांगते तिच्यावर विसंबता येतं. सगळंच येतं म्हणणारीची धास्ती वाटावी.

स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी स्वभाव आणखी महत्त्वाचा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आठवावा. त्यात सगळं विसरत चाललेल्या प्राध्यापकांना सांभाळून घेते ती माहुताची बायको. तिने कुठलाच कोर्स केलेला नाही, पण ती त्यांच्याशी वाद घालत बसत नाही. एकच प्रश्न विसाव्यांदा विचारला तरी आवाज न चढवणं दहा मिनिटांच्या मुलाखतीत दिसत नाही. त्यासाठी तीन दिवस पैसे देऊन चाचणी घ्यावी, आणि त्या तीन दिवसांत घरातल्या एकाने रजा काढून सोबत राहावं.

वही आणि एका पानाचा करार

आधारची झेरॉक्स घेतली म्हणजे तपासणी झाली, असा गोड गैरसमज आहे. फोटो, गावचा पत्ता आणि एका नातेवाइकाचा नंबर घेऊन पोलिसांकडे पडताळणीसाठी नोंद करावी. ही गोष्ट तिच्या अपरोक्ष करू नये, तिला सांगून करावी. कागद दोन्ही बाजूंनी असावा. आपलं नाव, पत्ता आणि घरातल्या जबाबदार माणसाचा नंबर तिच्या घरीही हवा.

करार एक पानाचा, मराठीत आणि तिला वाचून दाखवलेला असावा. तास, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख, जादा रात्रीचे पैसे, दिवाळीचा बोनस, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे त्यात यावं. लोक विसरतात अशा तीन गोष्टी त्यात हव्यात. पेशंट हॉस्पिटलात गेला तर त्या दिवसांचे पैसे द्यायचे की नाही? भांडी, फरशी, कुटुंबाचा स्वयंपाक तिच्याकडे आहे की नाही? निम्मी भांडणं ‘जरा कुकर लावशील?’ इथून सुरू होतात. आणि पेशंट गेला तर? त्या घरी दुःख असतं, पण तिची कमाईही त्याच दिवशी थांबते. पंधरा दिवसांचा पगार द्यायचं आधीच लिहिलेलं असलं की त्या दिवशी कोणालाच तोंड उघडावं लागत नाही.

दोनशे पानी वही खाटेशी टांगावी. वेळ, खाणं, पाणी, लघवी, शौच, गोळ्या, कूस असे रकाने आखावेत. लिहिता येत नसेल तर खुणा चालतात. डॉक्टरला ही वही दाखवली की ‘बरं आहे, खातात थोडंफार’ यापलीकडे काही कळतं. अमेरिकेतल्या मुलाला रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो पाठवला तर व्हिडिओ कॉलवर तिची उलटतपासणीही होत नाही.

दागिने आणि रोकड लॉकरमध्ये ठेवावी, एटीएमचा पिन कोणालाही सांगू नये. त्याने घर वाचतं आणि तीही वाचते. विसराळू आजीची अंगठी उशीच्या अभ्र्यात सापडेपर्यंत घरातल्यांचा संशय बाईवर जातो. कॅमेरा लावायचा तर तिला सांगून लावावा आणि जिथे पेशंटचे कपडे बदलतात तिथे लावू नये.

कायदा कुठवर पोचतो?

सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी २००५चा केंद्रीय कायदा आहे, त्यात प्रशिक्षणाची आणि पूर्वचौकशीची अट आहे. गेटच्या आत, तिसऱ्या मजल्यावर आजींना भरवणारी बाई पुरवणाऱ्या ब्युरोसाठी देशभर लागू होईल असा तसा कायदा नाही. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत एक प्रयत्न झाला होता. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आलं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांनी प्रशिक्षित आणि पोलिस-पडताळणी झालेली माणसंच ठेवावीत, अशी तरतूद त्यात होती. ते मंजूर झालं नाही आणि २०२४मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं.

बाईच्या बाजूने पाहिलं तर महाराष्ट्रात २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्याखाली नोंदणी करता येते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११चा करार भारताने मान्य केलेला नाही. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. तोवर बराचसा कारभार आपल्या त्या एका पानावरच चालतो. अपघाताची थोडी तरतूद करता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. तिचं बँक खातं असेल तर हा हप्ता आपण भरावा.

तिचेही तास मोजा

कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असते. बारा तासांची केस सहा दिवस केली तर ७२ तास होतात. चोवीसची केस करणाऱ्या बाईचे तास कोणी मोजतच नाही. रात्री चार वेळा उठणाऱ्या पेशंटची बाई दिवसा डुलक्या घेते, तेव्हा ती कामचुकार आहे की झोपेला मुकली आहे, हे आपण ठरवायचं. रात्री जाग लागत असेल तर दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बायका लागतात, किंवा दिवसा सलग काही तास घरच्यांनी सांभाळून तिला झोपू द्यावं. ती झोपते कुठे, जेवते काय, तिचा कप वेगळा ठेवलाय का? हा शेवटचा प्रश्न अजून विचारावा लागतो, ही लाजेची गोष्ट आहे.

आठवड्याची एक सुट्टी घरच्यांनी स्वतः निभावावी. त्यामुळे पेशंटला कसं उठवायचं हे हात विसरत नाहीत आणि खाड्याच्या दिवशी घाबरगुंडी उडत नाही. बदलीची दुसरी बाई पहिल्या महिन्यातच हेरून ठेवावी, बहुतेकदा पहिलीच तिच्या ओळखीची सुचवते.

कुठे लक्ष ठेवायचं?

दंडावर बोटांसारखे वण, दिवसभर गुंगी, उतरत चाललेलं वजन, एरवी बडबडणाऱ्या माणसाने ती खोलीत आली की गप्प होणं, या खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. झोपेच्या गोळ्या मोजून ठेवाव्यात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सर्वांना पाठ हवी. पण त्रास उलटाही होतो. काही म्हातारे अंगचटीला येतात, काही शिव्या देतात, काही मारतात. ‘आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नकोस’ म्हणून ते झाकायचं नसतं.

कंबरेवर, टाचेवर, माकडहाडावर लाल डाग आला आणि बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडला नाही, तर ती बेडसोरची सुरुवात समजावी. काळजी कशी घेतली जाते याचं सर्वांत खरं मोजमाप त्वचेवर उमटतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात अरुणा शानबाग १९७३पासून २०१५पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही, हे २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं आणि परिचारिकांचं कौतुक केलं. त्यामागे पाळी बदलली तरी न चुकता कूस बदलणारे हात होते.

घरात पाळी लावून देणारं कोणी नसतं, ती घरानेच लावायची असते. थेट ठेवलेली बाई टिकते ती करार पाळणाऱ्या, सुट्टी देणाऱ्या आणि वही वाचणाऱ्या घरात. जिथे हे होणार नाही तिथे महाग पडली तरी कंपनीच बरी.

तेव्हा लिफ्टपाशी मिळालेला नंबर जपून ठेवा, पण फोन लावण्याआधी एक अख्खा दिवस आणि एक रात्र पेशंटजवळ स्वतः काढा. चोवीस तासांचा तो कागद तेव्हाच खरा भरतो, आणि पगार किती सांगायचा तेही तेव्हाच कळतं.